जिल्ह्याबाहेर

चिंचवडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं सायकलीचं दुकान होतं. दुकान कसलं, पुढे पत्र्याचं छप्पर, एक लाकडी पेटी, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं आणि मागच्या भिंतीला टांगलेले जुने टायर. पण सकाळी तिथे उभं राहायला जागा नसे. खडकीच्या आणि दापोडीच्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसं तेव्हा सायकलवरूनच जात. कुणाला हवा भरायची असे, कुणाची चेन उतरलेली असे, आणि सगळ्यांनाच घाई. दुपारी मात्र सामसूम. मग रिकामटेकडी चार माणसं येऊन बसत, शिळं वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि पिंपरीच्या माळावर उठणाऱ्या कारखान्यात आपल्या गावच्या पोरांना घेतील की नाही यावर वाद घालत.

दुकान माझ्या नवऱ्याचं. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, म्हणून मी अजूनही त्यांना 'हे' असंच म्हणते. हे भांडखोर मुळीच नव्हते. आवाज चढलेला मी क्वचितच ऐकला. पण एक खोड होती. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर झाली आणि ती त्यांना पटली नाही, तर विचारल्याशिवाय राहवत नसे. विचारत ते अगदी शांतपणे, समोरच्याच्या तोंडाकडे बघत. ज्याला उत्तर द्यायचं नसे त्याला तो शांतपणा शिवीपेक्षा जास्त लागे, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

फाळणीनंतर पिंपरीच्या कॅम्पात सिंधी लोक येऊन राहिले होते. त्यातला एक मध्यमवयीन माणूस सायकलला कापडाचं गाठोडं बांधून रहाटणी, वाकड, ताथवडे अशा गावांतून फेरी करी. त्याच्या सायकलचं मागचं चाक कायम वाकडं. त्या दिवशी सकाळी तो दुकानात आला, गाठोडं सोडून बाजूला ठेवलं, आणि चाक सरळ होईपर्यंत आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कापड उलगडून दाखवत बसला. तेवढ्यात चौकीवरचा एक शिपाई आला. गाठोड्यात दारूची बाटली आहे, म्हणाला. दारूबंदीचे दिवस होते. तेवढं म्हटलं की पुढे काही विचारायची सोय नसे. गाठोड्यासकट त्याला घेऊन गेला. सायकल उलटी तशीच राहिली.

दिवस कलला तरी तो सायकल न्यायला आला नाही. तेव्हा हे हात पुसून उठले.

"कुठं निघाला रं?" आत्याबाईंनी विचारलं.

"चौकीवर. बघून येतो."

"आपला काय संबंध?"

"आये, गाठोडं तुझ्यासमोर उघडलं होतं. होती का त्यात बाटली?"

आत्याबाई वाटेतून बाजूला सरकल्या. बाटली नव्हती हे त्यांनीही पाहिलं होतं.

चौकीत काय झालं ते मला नंतर त्या फेरीवाल्यानेच सांगितलं. तो कोपऱ्यात खाली बसलेला होता. ह्यांनी फौजदाराला विचारलं, "साहेब, ह्याला कोणत्या गुन्ह्यात आणलंय?"

"तू कोण ह्याचा?"

"कोणी नाही. ह्याची सायकल माझ्या दुकानात आहे."

"मग जा, सायकल सांभाळ."

"गुन्हा नोंदवला असेल तर मी जामीन राहतो. नोंदवला नसेल तर ह्याला सोडा. सकाळपासून बसवलाय."

फौजदाराने बराच वेळ ह्यांच्याकडे पाहिलं म्हणे. मग हसला आणि शिपायाला म्हणाला, "सोड रे. वकीलसाहेब आलेत."

फेरीवाला सुटला. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता आणि गाठोड्यातलं चांगलं कापड गायब होतं. इथवर थांबलं असतं तर कदाचित सगळं विसरलं गेलं असतं. पण ह्यांनी दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पोलीस सुपरिंटेंडेंटना अर्ज लिहिला. म्हणजे सांगितलं त्यांनी, लिहिला मी. मी तळेगावची, वडील शाळामास्तर, सातवीची परीक्षा पास झालेली. माझं अक्षर चांगलं होतं. फेरीवाल्याने त्यावर सही करायला नकार दिला. हात जोडून म्हणाला, "भाऊ, मी एकदा घर सोडून आलो. आता पुन्हा कुठे जाऊ?" ह्यांनी त्याला आग्रह केला नाही. आपली एकट्याची सही करून अर्ज टाकला.

त्यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एक शिपाई आमच्या समोरच्या चहाच्या हॉटेलातल्या बाकड्यावर येऊन बसू लागला. आमच्याशी एक शब्द बोलत नसे. दुकानातून कुणी बाहेर पडलं की उठून त्याच्याबरोबर थोडं चालत जाई, खांद्यावर हात टाकून काहीतरी विचारी आणि परत येऊन बसे. दुपारची बैठक आपोआप मोडली. सकाळची गर्दीही विरळ झाली. माणसं हवा भरून मान खाली घालून निघून जायची. मी दाराआडून बघत असे. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. तिला कडेवर घेऊन मी उभी राहायची. काय होणार आहे हे कळत नव्हतं, पण काहीतरी होणार हे त्या शिपायाच्या बसण्यावरून कळत होतं.

आणि मग नोटीस आली. शिपायानेच रस्ता ओलांडून आणून दिली. मी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मला वाटलं माझ्याच समजण्यात चूक होतेय. त्यात म्हटलं होतं की तुम्ही चिंचवड, पिंपरी आणि आसपासच्या गावांत लोकांना मारहाणीच्या धमक्या देता, तुमच्या दहशतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे यायला धजत नाहीत, तरी तुम्हाला पुणे जिल्ह्यातून हद्दपार का करू नये याचं कारण दाखवा.

"कुणाला धमकी दिली म्हणतात?" ह्यांनी विचारलं.

"लिहिलेलं नाही."

"कधी?"

"तेही नाही."

"कुठं?"

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा करून मागची बाजूही बघितली. मागे कोरं होतं.

पुण्यात वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे वकील होते. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमच्यावर खटला भरला असता तर बरं झालं असतं. खटल्यात साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, मी त्याची उलटतपासणी घेतो. इथे तसं काही नाही. प्रांतसाहेबांची खात्री पटली की पुरे."

प्रांतांच्या कचेरीत सुनावणीला मीही गेले. आत्याबाईंनीच मला पाठवलं. "तू वाचती, तुला कळंल," म्हणाल्या. मला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं, पण दार उघडंच होतं आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. प्रांतसाहेब तरुण होते, चांगल्या घरचे, सभ्य. त्यांनी ह्यांना बसायला खुर्ची दिली. मला वाटलं, चला, हा माणूस ऐकून घेईल.

"तुम्हाला काय म्हणायचंय ते सांगा," ते म्हणाले.

"साहेब, मला घाबरतात ती माणसं कोण?"

"ते सांगता येत नाही. त्यांना संरक्षण द्यायचंय."

"कोणापासून?"

"तुमच्यापासून."

"मी त्यांना केलं काय?"

"नोटिशीत लिहिलंय. धमक्या."

"कोणत्या दिवशी, ते सांगा. त्या दिवशी मी कुठं होतो ते मी सांगतो. साक्षीदार आणतो."

साहेब म्हणाले, "दिवस सांगितला तर माणूस ओळखू येईल."

"मग मी उत्तर कशाचं देऊ?"

त्यावर मग वकील बोलू लागले. अर्जाची गोष्ट सांगितली, फेरीवाल्याची सांगितली, गावातल्या दोन प्रतिष्ठितांनी दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला पुढे केला. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मला त्यांच्या लेखणीचा कुरकुर आवाज येत होता. त्या माणसाच्या बोलण्यात कुठे द्वेष नव्हता, आणि त्यामुळेच मला अधिक भीती वाटली. फौजदाराचा राग मला समजत होता. ह्या साहेबांना माझ्या नवऱ्याचा राग नव्हता. त्यांच्यासमोर एक कागद होता, त्यावर काही लोक काहीतरी म्हणाले होते, आणि त्यांना तेवढं पुरत होतं.

हुकूम निघाला. दोन वर्षं पुणे जिल्ह्यात पाऊल ठेवायचं नाही. ठेवलं तर तुरुंग.

ह्यांची कर्जतच्या एका सायकलवाल्याशी ओळख होती. कर्जत घाटाखाली, कुलाबा जिल्ह्यात. गाडीने गेलं तर फार लांब नव्हे, पण हद्दीच्या पलीकडे. चिंचवड स्टेशनवर मी मुलीला घेऊन उभी होते. एक शिपाई त्यांच्याबरोबर डब्यात चढला. खंडाळ्यापुढे जिल्हा संपेपर्यंत त्याला सोबत जायचं होतं. गाडी हलली तेव्हा हे खिडकीतून म्हणाले, "पंपाला तेल घालत जा. वॉशर वाळतो." आणखी काय बोलावं ते त्यांनाही सुचलं नसणार.

दुकान बंद ठेवायचं असं मी धरून चालले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आत्याबाईंनी पंप बाहेर काढलेला, आणि स्वतः लाकडी पेटीवर पदर खोचून बसलेल्या. त्यांना पंक्चर काढता येत नव्हतं. "हवा तर भरतील लोकं," म्हणाल्या. "दुकान बंद दिसलं की त्यांना वाटंल, खरंच कायतरी केलं आसंल." ज्याची त्याने हवा भरावी, आत्याबाई नुसत्या बसून राहत. समोरच्या बाकड्यावरच्या शिपायाकडे त्या अशा टक लावून बघत की दोन-चार दिवसांत त्याने बाकड्याची दिशाच बदलली. संध्याकाळी फेरीवाला यायचा. त्याला थोडंफार काम येत होतं. चेन बसवून द्यायचा, एखादं पंक्चर काढायचा. त्याला मी कधी बोलावलं नव्हतं. तो बोलतही फार नसे.

झडत्या सुरू झाल्या. हे चोरून घरी येतात की काय ते बघायला पोलीस केव्हाही येत. मी भाकरी करत असले तरी सरळ चुलीपर्यंत. कणगीत काठी घालून बघायचे, माळ्यावर चढायचे, एकदा तर पाळण्याची गोधडीही उचलली. मी विचारलं, "झडतीचा हुकूम आहे का?"

जमादार म्हणाला, "वहिनी, हुकूम तर तुमच्या मालकांच्या नावावर निघालाच आहे की."

माझ्या नवऱ्याने जिल्ह्यात येऊ नये असा तो हुकूम. त्यात माझी चूल कुठे आली, पाळणा कुठे आला, हे मला कळेना, आणि विचारायचं कुणाला तेही कळेना. पायताणाचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दाराकडे बघायची. पाहुणा असो, दूधवाला असो, आधी पोलीसच दिसायचा आणि मग माणूस ओळखू यायचा. मुलीलाही ते लागलं. दार वाजलं की ती खेळायची थांबून माझ्या तोंडाकडे बघायची.

पोलिसांच्या भीतीची हळूहळू सवय झाली. गावाच्या भीतीची होईना. कुणीतरी ह्यांच्याविरुद्ध सांगितलं होतं. एकाने की अनेकांनी, माहीत नाही. ज्यांच्याकडून आम्ही दूध घेत होतो त्यांनी? शेजारच्याने? ह्यांनी ज्याच्या लग्नात रात्रंदिवस राबून मांडव घातला होता त्याने? पाणवठ्यावर एखादी बाई जास्त गोड बोलली की मला वाटायचं, हिच्या नवऱ्याने सांगितलं असणार. एखादी बोलली नाही तरी तेच वाटायचं. मी अशी नव्हते. माणसांच्या तोंडाकडे बघून मनात हिशेब करत बसणारी बाई मी कधीच नव्हते, पण त्या दिवसांत झाले.

मी जमेल तशी मुलीला घेऊन कर्जतला जाऊन येत असे. हे वाळले होते. दुसऱ्याच्या दुकानात नोकरासारखं काम, मागच्या खोलीत झोपणं, हाताने भात शिजवणं. कर्जतच्या पोलिसांकडेही त्यांना आपला पत्ता द्यावा लागला होता, त्यामुळे तिथेही लोक जरा लांबून वागायचे. आमचं बोलणं गावाच्या भोवतीच फिरत राही. कोण काय म्हणालं, कोण दुकानात आलं, कोण आलं नाही.

वकिलांनी सरकारकडे अपील केलं होतं. ते फेटाळलं गेलं. त्यांनी मुंबईला हायकोर्टात जायची तयारी सुरू केली. आणि त्याच सुमारास आत्याबाई आजारी पडल्या.

आधी नुसता ताप. मग खोकला, मग छाती भरली. डॉक्टर घरी आले, न्यूमोनिया म्हणाले. पेनिसिलीनची इंजेक्शनं सुरू केली. शुद्धीत असल्या की आत्याबाई एकच म्हणायच्या, "त्याला बोलव." वकिलांमार्फत आम्ही परवानगीचा अर्ज केला, आई आजारी आहे, भेटायला येऊ द्या. कचेरीतून निरोप आला, अर्ज विचाराधीन आहे. परत विचारलं, विचाराधीन आहे. फेरीवाला मधून मधून कर्जतला जाऊन येई, त्याच्याबरोबर हे सांगून पाठवत होते, आणखी वाट बघणार नाही, निघून येतो, काय व्हायचं ते होवो.

आणि इकडे समोरच्या हॉटेलात आता एकाऐवजी दोघं बसू लागले होते, साध्या कपड्यांत. आजाऱ्याच्या घरी डॉक्टर येतो-जातो हे साऱ्या गावाला दिसत होतं. मुलगा आल्याशिवाय राहणार नाही हे त्यांनाही कळत होतं. ते त्याचीच वाट बघत होते. हे आले असते तर उंबऱ्यातच धरले गेले असते, आणि मग दोन वर्षांचा हुकूम बाजूला राहून सरळ तुरुंग.

सुईने थोडा उतार पडला तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, "आत्याबाईंना गाडीतून नेता येईल का?"

"कुठे, ससूनला?"

"नाही. कर्जतला."

त्यांनी बॅग मिटली. मग म्हणाले, "गुंडाळून न्या. खिडकी बंद ठेवा. आणि मला विचारलं होतं हे कुणाला सांगू नका."

मी ह्यांना कार्ड टाकलं. येऊ नका, आम्हीच येतोय, अमुक दिवशीच्या दुपारच्या पॅसेंजरने. पण कार्ड पोचेल का, आणि पोचलं तरी त्याआधीच हे निघाले नसतील ना, याची काही खात्री नव्हती.

शेजारच्यांनी बैलगाडी दिली. फेरीवाला आला. आत्याबाईंना घोंगडीत गुंडाळून आम्ही स्टेशनवर आणलं. त्या साध्या कपड्यांतल्या दोघांपैकी एक मागोमाग प्लॅटफॉर्मवर आला.

"म्हातारीला कुठं नेताय?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर घोंगडीतून आत्याबाईंचा आवाज आला. "लेकाकडं."

"आजारी माणसाला कशाला हलवता? त्यालाच परवानगी मिळेल की."

"मिळंल तवा मिळंल. हुकूम त्याला हाय, मला न्हाई. का मलाबी हाय?"

तो माणूस गोंधळला. मला वाटलं आता आम्हाला अडवणार. अडवायला त्याच्याकडे काही नव्हतं, पण ते नसताना त्यांनी काय काय केलं होतं हे मी पाहिलेलं होतं. गाडी येईपर्यंत मी त्याच्या पायांकडे बघत होते. तो हलला नाही. आम्ही चढलो तेव्हा त्याने चक्क आत्याबाईंचं गाठोडं उचलून आत दिलं आणि मागे सरकला.

तळेगाव गेलं. माझं माहेर खिडकीतून गेलं आणि मला ते दिसलंच नाही. आत्याबाईंचं डोकं माझ्या मांडीवर, मुलगी फेरीवाल्याकडे. लोणावळ्याला गाडी थांबली आणि पलीकडच्या रुळावर मुंबईकडून आलेली पॅसेंजर उभी होती. पुण्याला जाणारी. माझ्या मनात आलं, हे जर निघाले असतील तर ह्याच गाडीत असतील.

मी आत्याबाईंचं डोकं गाठोड्यावर टेकवलं आणि दाराशी गेले. पलीकडच्या डब्यांच्या खिडक्या एकेक करून बघू लागले. टोपीवाला दिसला की जीव वर यायचा. एक माणूस पाठमोरा बसला होता, तशीच मान, तसाच सदरा. मी ओरडणार होते, पण नाव घेऊन ओरडायची सवय नाही आणि दुसरं काय ओरडावं ते सुचेना. तेवढ्यात तो वळला. दुसराच कुणीतरी होता. प्लॅटफॉर्मवर दोन पोलीस हातात हात घालून फिरत होते. त्यांचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. पलीकडची गाडी आधी सुटली. तिचे डबे डोळ्यांसमोरून सरकत गेले, भरभर, आणि शेवटचे मला नीट बघताही आले नाहीत. घाट उतरताना बोगद्यांच्या अंधारात मी एकच विचार करत होते, की आम्ही खाली चाललोय आणि ते वर गेलेत.

कर्जतला उतरलो. प्लॅटफॉर्मवर हे नव्हते.

फेरीवाल्याने आत्याबाईंना बाकावर टेकवलं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले. गाडी निघून गेली, माणसं पांगली, वडेवाल्याने पाटी उचलली. आत्याबाई डोळे मिटून होत्या. मी फेरीवाल्याला म्हटलं, "गेले. वर गेले ते." त्याचाही चेहरा उतरला होता. मग तो म्हणाला, "भाभी, बाहेर बघून येतो," आणि स्टेशनाबाहेर गेला.

हे बाहेर होते. टांग्यांच्या मागे, झाडाला टेकून. आम्ही उतरलेलो त्यांना दिसलो होतो, तरी पुढे आले नव्हते.

"कार्ड मिळालं होतं ना?" मी विचारलं.

"मिळालं."

"मग आत का नाही आलात?"

"वाटलं, तुझ्याकडून त्यांनीच लिहून घेतलं असेल. तुमच्यामागून कुणी उतरतंय का ते बघत होतो."

माझ्याच अक्षरातलं कार्ड. मला रडू आलं, पण त्यांच्यावर राग धरता येईना. मी तरी गावात वेगळं काय करत होते?

मग त्यांनी आईला उचललं. आत्याबाईंनी डोळे उघडले, त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलल्या, "वाळला की रं. काय खातूस का न्हाई?"

त्या बऱ्या झाल्या. कर्जतच्या डॉक्टरने उरलेल्या सुया दिल्या, फेरीवाला दुकान बघायला चिंचवडला परतला, आणि त्या सायकलच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही चौघंजण महिनाभराहून जास्त राहिलो. मधे एकदा कचेरीचं उत्तर फिरत फिरत तिथे आलं. अर्जदाराची आई सध्या जिल्ह्यात राहत नसल्यामुळे परवानगी देण्याचं कारण उरलेलं नाही, असं त्यात होतं. ह्यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा आत्याबाई खोकला येईपर्यंत हसल्या. मला हसू आलं नाही.

हायकोर्टाचा निकाल पुढे बऱ्याच महिन्यांनी लागला. मी तिथे नव्हते. वकिलांनी नंतर आम्हाला सांगितलं. न्यायमूर्तींनी नोटीस हातात धरून सरकारी वकिलाला विचारलं, या माणसाने याला उत्तर द्यायचं ते कसं? सरकारी वकील साक्षीदारांच्या संरक्षणाबद्दलच पुष्कळ बोलले. जिला उत्तरच देता येत नाही ती नोटीस नव्हे, म्हणून हुकूम रद्द झाला. सांगून झाल्यावर त्या म्हाताऱ्या वकिलांनी निकालाची नक्कल घडी करून ह्यांच्या हातात दिली. "तुमचं नशीब चांगलं," ते म्हणाले. "नोटीस जरा नीट लिहिली असती तर कदाचित टिकली असती."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

हे परत आले. फौजदाराची तोवर कुठेतरी बदली झाली होती, शिक्षा म्हणून नव्हे, नेहमीची. समोरचं बाकडं रिकामं होतं. झालं ते चुकीचं झालं असं आम्हाला कुणीही सांगितलं नाही. सकाळची गर्दी परत जमू लागली, लोक पाठीवर थाप मारू लागले. "राव, आम्हाला माहीतच होतं," म्हणू लागले. हे हसून मान डोलवायचे. पण मला दिसायचं, चाकाची तार आवळताना ते एकदम वर बघायचे, समोर उभ्या माणसाकडे, आणि लगेच खाली. तो असेल का, हा असेल का.

एका दुपारी एक वयस्कर माणूस सायकल ढकलत आला. जुनं गिऱ्हाईक, खडकीला कामाला. रविवार होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी आत धान्य निवडत होते. त्याने सायकल भिंतीला टेकवली.

मग म्हणाला, "भाऊ, मी अंगठा दिला व्हता."

ह्यांच्या हातातला पाना थांबला.

"जमादार घरी आला. म्हणाला, तुज्या पोराचं नाव दारूच्या केशीत हाय, बघ काय करायचं ते. कागदावर काय लिवलं हाय ते मला वाचता येत न्हाई. पर तुमचं नाव घेतलं ते ऐकलं व्हतं मी. खोटं कशाला सांगू."

मला वाटलं हे काहीतरी बोलतील. मला तर वाटत होतं मीच बाहेर जाऊन बोलावं. पण हे खाली बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरगा कसा हाय आता?"

"बरा हाय. पिंपरीला कारखान्यात लागला."

"चांगलं झालं. सायकल ठेवून जा. मागचा ब्रेक झिजलाय, संध्याकाळी ने."

तो माणूस गेला. मी बाहेर आले. म्हटलं, "कळलं एकदाचं."

"एकाचं कळलं," हे म्हणाले. "नोटिशीत 'साक्षीदार धजत नाहीत' असं होतं, एक साक्षीदार नव्हे. बाकीचे किती, कोण जाणे."

"वकिलांना विचारू या? कागद निघतील कदाचित."

त्यांनी ब्रेकचा रबर काढला, नवा बसवला, चाक फिरवून बघितलं. मग म्हणाले, "नको. ज्याला सांगावंसं वाटेल तो येईल. मला ह्याच गावात राहायचंय."

आत्याबाई दारात बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी कागद काढा असंही म्हटलं नाही आणि नको असंही नाही. संध्याकाळी तो माणूस सायकल न्यायला आला तेव्हा त्यांनी मला आत चहा टाकायला सांगितलं. मी टाकला. पेला मीच त्याच्या हातात दिला. त्याने तो उभ्या उभ्या प्यायला, एकदाही वर न बघता, आणि सायकलवर टांग टाकून रहाटणीच्या वाटेला लागला.

सांगायला आणखी कुणी कधी आलं नाही.